साठा आणि विसर्ग : इसबाची तीव्रता रक्तात कशी दिसते?

इसबाने बेजार झालेल्या मुलाचा रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडतो आणि त्यात ‘टोटल आयजीई’ (ॲलर्जीशी संबंधित एका प्रथिनाचे रक्तातले एकूण प्रमाण) या शब्दांपुढे दोन-अडीच हजारांचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. शेजारी दिलेली सामान्य मर्यादा जेमतेम शंभर-दीडशेची असल्यामुळे आजार हाताबाहेर गेला, असे घरातल्यांना वाटू लागते. दुसऱ्या एखाद्या घरात नेमके उलटे घडते. मूल रात्रभर अंग ओरबाडते, उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके पडतात आणि तरीही आयजीई मर्यादेतच येते. तेव्हा ‘मग हे इसब नसेलच’ असा निष्कर्ष निघतो. दोन्ही घरांनी काढलेले अर्थ चुकीचे आहेत आणि चुकण्याचे कारणही एकच आहे. रक्तातले सगळे आकडे एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

इसबाची तीव्रता रक्तावरून जोखता येईल का, या प्रश्नावर गेली पंचवीसएक वर्षे बरेच संशोधन झाले आहे आणि त्यातून हाती आलेले उत्तर ‘काही प्रमाणात, होय’ असे आहे. ते प्रमाण किती आणि कोणत्या अटींवर, हे समजून घेण्यासारखे आहे.

इसब म्हणताना आपण कशाबद्दल बोलतो आहोत?

बोलण्यात इसब, गजकर्ण, नायटा आणि खरूज यांची सर्रास सरमिसळ होते. गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो, खरूज सूक्ष्म किड्यामुळे होते आणि दोन्ही एकापासून दुसऱ्याला लागतात. या लेखात इसब म्हणजे ॲटोपिक डर्मटायटिस, जो संसर्गजन्य नाही. तो बहुधा लहानपणी सुरू होतो, मोठ्या मुलांत कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणींत ठाण मांडतो आणि बरा झाला म्हणता म्हणता उलटतो.

त्याच्या मुळाशी दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे त्वचेचे आवरण कमकुवत असणे. पावसाळ्याआधी कौले शाकारली नाहीत तर पाणी जसे नको तिथे उतरते, तसे धूळ, परागकण आणि जंतू अशा त्वचेतून आत उतरतात, आणि आतला ओलावा बाहेर निसटून त्वचा कोरडी पडते. त्वचेच्या बांधणीत लागणाऱ्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे काही जणांची ‘कौले’ जन्मतःच सैल असतात, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. दुसरी गोष्ट म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा अतिरेक. जंतांशी लढण्यासाठी शरीराने राखलेली एक वेगळी फळी असते, तिला टाइप-२ प्रतिसाद म्हणतात. इसबात ही फळी किरकोळ चिथावणीवरही त्वचेत उतरते, आणि तिथल्या पेशी इंटरल्युकिन-४ व इंटरल्युकिन-१३ नावाचे रासायनिक निरोप पाठवून दाह पेटता ठेवतात. त्वचेचे आवरण त्यामुळे आणखी दुबळे होते. रक्ततपासणीत आपण ज्या खुणा शोधतो, त्यांतील बहुतेक या दुसऱ्या गोष्टीच्या असतात.

डोळ्यांना दिसते आहे, मग रक्त कशाला काढायचे?

हा आक्षेप रास्त आहे. तीव्रता मोजण्याची आजची प्रमाण पद्धत डोळ्यांवर आणि बोटांवरच आधारलेली आहे. ईझी नावाच्या गुणांकनात शरीराचे डोके व मान, धड, हात आणि पाय असे चार भाग पाडतात. प्रत्येक भागातील लाली, जाडी, ओरबाडे आणि घट्ट झालेली सुरकुतलेली त्वचा यांना शून्य ते तीन गुण देतात, किती भाग व्यापला आहे ते पाहतात आणि त्यातून शून्य ते ७२ मधील एक आकडा काढतात. सात गुणांपर्यंत सौम्य, त्यापुढे २१ पर्यंत मध्यम आणि त्यावर तीव्र, अशी साधारण वर्गवारी आहे.

अडचण अशी की हे गुण माणूस देतो. एकाच रुग्णाला दोन डॉक्टर वेगळे गुण देऊ शकतात. आपल्यासाठी त्याहून मोठी अडचण लालीची आहे. या पद्धती घडल्या त्या मुख्यतः गोऱ्या त्वचेकडे पाहत. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर दाह लाल न दिसता जांभळट, करडा किंवा नुसताच गडद तपकिरी दिसतो, आणि ‘लाली : शून्य’ अशी नोंद होऊन तीव्र इसब मध्यम ठरू शकते. महाराष्ट्रातील बहुसंख्य रुग्णांची त्वचा अशी असताना ही उणीव दुर्लक्ष करण्याजोगी नाही. त्वचेच्या रंगावर अवलंबून नसलेले मोजमाप हवेसे वाटण्याचे ते एक ठोस कारण आहे.

आयजीई : धरणातला साठा

आता त्या ठळक आकड्याकडे वळू. आयजीई हे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड आहे, म्हणजे शरीराने विशिष्ट पदार्थ ओळखण्यासाठी बनवलेले प्रथिन. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे ते शोधले. त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. इसब असलेल्या सुमारे ८० टक्के रुग्णांत ते वाढलेले असते, त्यामुळे ‘आयजीई जास्त म्हणजे इसब जास्त’ हे समीकरण सहज मनात बसते.

पावसाळ्यात पुणेकर दोन वेगवेगळे आकडे ऐकतात. खडकवासला धरण किती टक्के भरले हा एक, आणि धरणातून मुठा नदीत किती क्युसेक विसर्ग सोडला हा दुसरा. मुठेवरचा सखल भिडे पूल पाण्याखाली जातो तो विसर्ग वाढल्यामुळे. धरण काठोकाठ भरलेले असूनही दरवाजे बंद असतील, तर पुलावरून वाहने बिनघोर जातात. एकूण आयजीई हा साठ्याचा आकडा आहे. या शरीराचा कल ॲलर्जीकडे आहे, आणि तो कल वर्षानुवर्षे साठत आला आहे, एवढेच तो सांगतो. आज त्वचेत किती दाह चालू आहे, हा विसर्गाचा प्रश्न झाला.

म्हणूनच उत्तम उपचारांनी त्वचा महिनाभरात निवळली तरी आयजीई जिथल्या तिथे राहू शकते. ते उतरायला महिनेच्या महिने लागतात. शिवाय साधारण पाचांतील एका रुग्णात ते मुळातच वाढत नाही, इसब मात्र खरेच असते. त्यात आपल्याकडे आणखी एक भर पडते. पोटातील जंतांमुळेही आयजीई चांगलेच वाढते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तीव्रता जोखण्यासाठी नेहमी आयजीई मोजत राहू नये, असे स्पष्ट म्हटले होते.

इथे एक विषयांतर मला आवश्यक वाटते, कारण या आकड्यामुळे होणारे खरे नुकसान स्वयंपाकघरात होते. एकूण आयजीईपाठोपाठ पन्नास-शंभर पदार्थांचे ‘ॲलर्जी पॅनेल’ केले जाते, त्यात गहू, दूध, अंडे, शेंगदाणा यांपुढे ‘पॉझिटिव्ह’ येते आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाचे ताट रिकामे होऊ लागते. पॅनेल पॉझिटिव्ह असणे म्हणजे शरीराने तो पदार्थ ओळखून ठेवला आहे, एवढेच. तो खाल्ल्यावर त्रास होतो की नाही, हे खाल्ल्यावर काय घडते यावरूनच ठरते. वाढत्या वयातील मुलाचे दूध-अंडे केवळ कागदावरून तोडल्यास कुपोषणाचा धोका असतो. शिवाय आजवर पचणारा पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवल्याने त्याची खरीखुरी ॲलर्जी जडल्याचीही उदाहरणे आहेत.

दोन जुने साक्षीदार

साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, दिसणाऱ्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आयजीईपेक्षा दाहाशी जरा जवळून चालतात. त्यांची संख्या एका मायक्रोलिटरमागे साधारण पाचशेच्या आत असते आणि तीव्र इसबात ती वाढते. मात्र जंत, दमा आणि काही औषधे यांनीही ती वाढते. एलडीएच हे दुसरे जुने मोजमाप. पेशींची मोडतोड झाली की हे विकर (एन्झाइम) रक्तात उतरते, त्यामुळे मोठ्या क्षेत्रावर इसब पसरले असताना ते वाढलेले दिसते. पण यकृत, स्नायू किंवा रक्तपेशी दुखावल्या तरीही ते वाढते. रक्त काढताना नमुन्यातील लाल पेशी फुटल्या, तरी आकडा फुगतो. हे दोन्ही साक्षीदार स्वस्त आहेत, सहज मिळतात आणि सगळ्याच खटल्यांत साक्ष देतात.

टार्क : त्वचेने पिटलेली दवंडी

विसर्गाच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा टार्क (थायमस अँड ॲक्टिव्हेशन-रेग्युलेटेड केमोकाइन) या प्रथिनाचा आहे. त्याचे दुसरे नाव सीसीएल-१७. टाइप-२ फळीतील पेशी रक्तातून हिंडत असतात आणि त्यांच्या अंगावर सीसीआर-४ नावाचा जणू कान असतो. दाह सुरू झालेल्या त्वचेतील पेशी टार्क सोडतात, त्या कानांना ही दवंडी ऐकू येते आणि सैन्य त्वचेत उतरते. दवंडी जितकी मोठी, तितका त्या क्षणीचा दाह मोठा. त्यातला काही अंश रक्तात झिरपतो आणि तोच आपण मोजतो.

हे प्रथिन १९९६ मध्ये जपानमध्ये प्रथम ओळखले गेले ते थायमस ग्रंथीत, म्हणून त्याच्या नावात आजही थायमस आहे, त्वचेचा उल्लेखही नाही. इसबाच्या तीव्रतेबरोबर रक्तातील टार्क वरखाली होते, हे २००१ मध्ये जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवले, आणि २००८ पासून तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात ही चाचणी समाविष्ट आहे. मोजमाप पिकोग्रॅममध्ये होते. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केल्यावर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. जपानी चाचणीत प्रौढांसाठी मिलिलिटरमागे ४५० पिकोग्रॅमपर्यंतचा आकडा सामान्य धरतात आणि सातशेच्या पुढे इसब मध्यम किंवा तीव्र असल्याचे मानतात. बाळांत मात्र टार्क निसर्गतःच जास्त असते. सहा महिने ते एक वर्ष वयात तेराशेच्या वरचा आकडाही मर्यादेत बसतो, म्हणून मुलाच्या रिपोर्टला प्रौढांची फूटपट्टी लावून चालत नाही.

साठा आणि विसर्ग यांतील फरक इथे प्रत्यक्ष दिसतो. योग्य उपचार सुरू झाले की टार्क काही दिवसांत-आठवड्यांत खाली येते. आयजीई तेव्हा अजून जागचे हललेलेही नसते.

हा आकडा कितपत खरा मानायचा?

नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांच्या गटाने २०१५ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. वेगवेगळ्या अभ्यासांत तपासल्या गेलेल्या २२२ जैवखुणांमध्ये टार्क सर्वांत भरवशाचे ठरले. तीव्रतेशी त्याचा सहसंबंध सुमारे ०.६ निघाला. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती हातात हात घालून चालतात याचे माप. तो १ असेल तर पावलाला पाऊल जुळते, शून्य असेल तर एकमेकांशी काही देणेघेणे नाही.

सर्वांत भरवशाच्या खुणेचाही सहसंबंध एवढाच आहे, हे नीट लक्षात घ्यावे. उंच माणसांचे वजन सर्वसाधारणपणे जास्त असते, पण केवळ उंची सांगून कोणी एखाद्याचे वजन ओळखू शकत नाही. टार्कचेही काहीसे तसेच आहे. शंभर रुग्णांच्या गटात त्याचा कल स्पष्ट दिसतो, परंतु समोरच्या एका रुग्णाचा एकच आकडा हाती असेल, तर त्यावरून तीव्रतेचा निवाडा करणे धाडसाचे आहे. माझ्या मते याचा खरा उपयोग एकाच माणसाच्या आजच्या आकड्याची तुलना त्याच्याच दोन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी करण्यात आहे. शेजाऱ्याचे टार्क ९०० आणि आपले १,८००, म्हणून आपला आजार दुप्पट, हे गणित चुकीचे आहे. आपले १,८०० वरून ६०० वर आले, तर ती मात्र अर्थपूर्ण बातमी आहे.

एकट्या टार्कऐवजी त्याला आणखी दोन-तीन रक्तखुणांची जोड दिली तर ईझीच्या गुणांचा अंदाज अधिक नेमका येतो, असे त्याच उट्रेख्टच्या गटाने पुढे दाखवले. दैनंदिन वैद्यकीय व्यवहारात मात्र ते सूत्र अजून रुळलेले नाही.

त्वचा तर स्वच्छ दिसते, मग मलम कशाला?

टार्कची सर्वांत मोठी कामगिरी मला इथे दिसते. इसबाचा चट्टा गेला, खाज थांबली की मलम बंद होते. त्यातच ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकलेला असेल, तर ते आणखी लवकर बंद होते. पंधरा दिवसांत चट्टा त्याच जागी उलटतो आणि ‘औषधाने तात्पुरता फरक पडतो’ हे मत पक्के होते. वरून नितळ दिसणाऱ्या त्वचेत दाह शिल्लक असतो, हे त्वचेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून फार पूर्वीच समजले होते. राखेखाली निखारा धुमसत असतो, चूल मात्र विझलेली वाटते. पण रुग्णाच्या त्वचेचा तुकडा वरचेवर काढता येत नाही. रक्तातील टार्क अजून हजारावर आहे, हे दाखवता येते.

म्हणून चट्टे गेल्यावर एकदम थांबण्याऐवजी नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोनदा मलम लावत राहायचे आणि हळूहळू अंतर वाढवायचे, अशी पद्धत जगभर मान्यता पावली आहे. जपानमधील अनेक डॉक्टर हे अंतर ठरवताना टार्कचा आकडा हाताशी ठेवतात. स्टेरॉइडची भीती बाळगणाऱ्या पालकांना उपदेशापेक्षा उतरता आकडा अधिक पटतो. आकडा मर्यादेत आला की मलम कमी करण्याचा धीर डॉक्टरांनाही येतो.

इतकी उपयोगी चाचणी आहे, तर सर्वत्र का नाही?

पहिले कारण असे की टार्क फक्त इसबात वाढत नाही. हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगात, त्वचेच्या काही लिम्फोमांत आणि औषधांच्या गंभीर ॲलर्जीतही ते वाढते. त्यामुळे टार्क जास्त आहे म्हणून इसब, असे निदान करता येत नाही. निदान आधी, टार्क नंतर. याच प्रथिनाची एक उलटी कथाही आहे. कोविडच्या साथीत जपानी संशोधकांना असे आढळले की ज्यांचे टार्क सुरुवातीलाच फार खाली असते, त्यांचा आजार गंभीर होण्याची शक्यता अधिक असते.

दुसरे कारण क्षेत्रफळाचे. रक्तातला आकडा ही सगळ्या शरीरातील दाहाची बेरीज असते. इसब केवळ पापण्यांवर किंवा तळहातांवर असेल, तर आकडा सामान्य येऊ शकतो, पण पापण्या सुजलेल्या किंवा तळहाताला भेगा पडलेल्या माणसाला तो आजार सौम्य वाटत नाही.

तिसरे, औषधे काही खुणांची भाषाच बदलतात. ड्युपिलुमॅब हे इंटरल्युकिन-४ व १३ यांचा निरोप अडवणारे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाले. त्याने टार्क झपाट्याने उतरते, आयजीई सावकाश उतरते आणि इओसिनोफिल काही रुग्णांत सुरुवातीला चक्क वाढतात, कारण त्यांची त्वचेत शिरण्याची वाट बंद होते आणि गर्दी रक्तातच खोळंबते. त्वचा सुधारत असताना सीबीसीतील तो आकडा पाहून कोणी औषध बंद केले, तर ते चुकीचे ठरेल.

रक्त कसे हाताळले, यावरही आकडा ठरतो. बिंबिकांमध्येही (प्लेटलेट) टार्क साठवलेले असते आणि रक्त गोठताना ते बाहेर पडते, म्हणून गोठलेल्या रक्ताच्या सीरममधील आकडा आणि न गोठवलेल्या प्लाझ्मामधील आकडा यांची तुलना करता येत नाही. आपल्याकडील लॅबच्या नेहमीच्या यादीत टार्क सहसा आढळत नाही. इथला व्यवहार अजून आयजीई आणि इओसिनोफिल यांवरच चालतो. तसे असताना निदान त्यांच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत.

लहान मुलांसाठी आणखी एक खूण

वयानुसार बदलणाऱ्या मर्यादांमुळे मुलांत टार्क वाचणे अवघड जाते. एससीसीए-२ या प्रथिनाची तिथे मदत होते. या कुळातील प्रथिने आधीपासूनच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची खूण म्हणून मोजली जातात. इंटरल्युकिन-४ व १३ त्वचेच्या पेशींना हेच प्रथिन बनवायला लावतात, हे जपानमधील सागा विद्यापीठातील संशोधकांनी उलगडले, आणि २०२१ पासून तिथे पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या इसबासाठी ही चाचणी विम्यातून होते. सुई न टोचता चिकटपट्टीने त्वचेचा वरचा पापुद्रा उचलून त्यातील टार्क मोजण्याचे प्रयोगही चालू आहेत. डेन्मार्कमध्ये दोन महिन्यांच्या बाळांच्या त्वचेत असे टार्क जास्त आढळले, तेव्हा त्यांना पुढे दोन वर्षांच्या आत इसब होण्याचे प्रमाण जास्त निघाले.

खाजेचा आकडा कुठून आणायचा?

दाह रक्तात मोजता येतो, खाज मोजता येत नाही. टार्क उतरले तरी रात्रीची झोप परतली नसेल, तर उपचार पुरे पडलेले नाहीत. टार्क मर्यादेच्या जरा वर असूनही मूल शांत झोपत असेल आणि मैदानावर खेळत असेल, तर केवळ कागदासाठी औषध वाढवण्याची घाई नको. या भागासाठी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे तयार झालेली पोएम नावाची प्रश्नावली वापरतात आणि तिला रक्त, सुई किंवा लॅब काहीच लागत नाही. गेल्या आठवड्यातील किती दिवस खाज आली, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आले, लस वाहिली, भेगा पडल्या, पापुद्रे सुटले आणि त्वचा कोरडी किंवा खरखरीत वाटली, असे सात प्रश्न असतात. एकही दिवस नसेल तर शून्य आणि रोजच असेल तर चार, असे प्रत्येकाला गुण देऊन अठ्ठावीसपैकी बेरीज करायची. सतरा किंवा त्याहून अधिक बेरीज तीव्र समजतात. डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या रात्री ही बेरीज करून ती रक्ताच्या रिपोर्टच्या मागे पेनाने तारखेसह लिहून ठेवली, तर पुढच्या भेटीत दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतात.